अकस्मात धनाचा कारभारी

माहूरच्या श्रीदत्तांविषयी मराठी मुलुखात एक समजूत फार जुनी आहे. दत्त काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि निद्रेसाठी माहूरगडावर येतात, असे भाविक सांगतात. या तिन्ही ठिकाणी कोठार कोठेच नाही. भिक्षा त्या दिवसाची आणि झोप त्या रात्रीची. आपली श्रद्धा निराळी असली, तरी या समजुतीपाशी आपले मन क्षणभर थबकते. कारण निर्गमाच्या ग्रंथातील मान्नाही असाच होता. अरण्यात इस्राएल लोकांना मिळालेले ते अन्न ज्याने त्याने दिवसापुरते गोळा करावयाचे होते, आणि हावेपोटी सकाळपर्यंत राखून ठेवलेल्या अन्नात किडे पडले. प्रभू येशूने शिकविलेल्या प्रार्थनेतही आपण रोजची भाकर मागतो. दहा वर्षांची मागत नाही.

मग दहा वर्षांची, किंबहुना तीन पिढ्यांची भाकर एकाच दिवशी पदरात पडली, तर माणसाने काय करावे? माहूरच्या परिसरात हा प्रश्न आज केवळ चिंतनाचा राहिलेला नाही. वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत, माहूर, तुळजापूर व कोल्हापूर ही शक्तिपीठे जोडणारा महामार्ग शासनाने आखला आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी त्यास कडाडून विरोध केला आहे. तो महामार्ग व्हावा की न व्हावा, हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु रस्ता असो, धरण असो वा कारखाना, जिथे जमीन जाते तिथे दरवर्षी थोडे थोडे देणाऱ्या मातीच्या बदल्यात एकदाच पुष्कळ देणारा धनादेश येतो. वसईच्या वाड्यांत राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. तो धनादेश काही वर्षांतच संपला, की गावात एक वाक्य ऐकू येते: "आयते आले, उधळले, गेले." या वाक्यात न्यायनिवाडा आहे. तो निवाडा खरा आहे काय, हे आम्हांला येथे तपासावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अकस्मात आलेले धन टिकत नाही, हे केवळ गावगप्पांनी ठरलेले नाही. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास काही अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. खेळातून निवृत्त झाल्यावर बारा वर्षांच्या आत सुमारे सोळा टक्के खेळाडूंनी दिवाळे जाहीर केले होते. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी, की ज्याने अधिक वर्षे खेळून अधिक पैसा मिळविला, तोही या संकटापासून फारसा सुरक्षित नव्हता. फ्लोरिडातील सोडत जिंकणाऱ्यांविषयी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही असाच बोलका आहे. मोठे बक्षीस लागलेल्यांची दिवाळखोरी पहिल्या दोन वर्षांत कमी झाली. पण तिसऱ्या ते पाचव्या वर्षांत ती वाढली. म्हणजे पैशाने संकट टाळले नाही, केवळ पुढे ढकलले. मुष्टियोद्धा माईक टायसन यांनी तीस कोटी डॉलरांहून अधिक मिळविले आणि २००३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

याची कारणे गूढ नाहीत. खेळाडूचे उत्पन्न तारुण्याच्या दहा-बारा वर्षांत कोंबलेले असते. आयुष्य मात्र सत्तर वर्षांचे असते. त्या दहा वर्षांत लागलेली राहणी पुढील चाळीस वर्षे आपला हिस्सा मागते. मोठे घर एकदाच विकत घेता येते. त्याची डागडुजी, कर व नोकरचाकर मात्र दरमहा दाराशी उभे राहतात. सोडतीत वा दूरदर्शनवरील स्पर्धेत जिंकलेल्या रकमेवर आपल्या देशात तीस टक्के प्राप्तिकर आहे. वर अधिभार वेगळा. वृत्तपत्रात छापलेला आकडा आणि हाती पडलेला आकडा यांत म्हणूनच मोठे अंतर असते. नातेवाईक मात्र छापलेला आकडाच वाचतात. शिवाय कालपर्यंत ज्याला कोणी उधार देत नव्हते, त्याच्याकडे आज प्रत्येक जण भागीदारीचा प्रस्ताव घेऊन येतो. शेत ओळखणारा माणूस मग न ओळखणारा धंदा करू लागतो.

या साऱ्यात दुराचार कोठे आहे? काही ठिकाणी असेलही. पण सर्वत्र नाही. भगवानदादांचे उदाहरण घ्या. गिरणी कामगाराच्या या मुलाने १९५१ मध्ये 'अलबेला' काढला आणि साऱ्या देशाला नाचविले. जुहूला प्रशस्त बंगला आला. वाराप्रमाणे बदलावयास सात मोटारी होत्या, असे सांगतात. पुढे पदरचे पैसे घालून काढलेले चित्रपट चालले नाहीत. बंगला गेला, मोटारी गेल्या आणि २००२ मध्ये दादरच्या चाळीत त्यांचा अंत झाला. कलावंताने आपल्याच कलेवर पैसा लावावा, यात पाप कोणते? अपयशाचे दुसरे नाव उधळपट्टी नव्हे.

क्रिकेटपटू विनोद कांबळी यांचे नाव तर प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमाच्या दोन मुलांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागी रचली. त्यांपैकी ३४९ धावा कांबळींच्या होत्या. १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत त्यांनी द्विशतके झळकाविली. १७ कसोटींत ५४ हून अधिक सरासरी असलेला हा फलंदाज अवघ्या तेविसाव्या वर्षी शेवटची कसोटी खेळला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी स्वतःच वृत्तपत्राला सांगितले, की क्रिकेट मंडळाचे दरमहा तीस हजार रुपयांचे निवृत्तिवेतन हाच आपला एकमेव आधार आहे आणि आपल्याला काम हवे आहे. त्यांच्या आयुष्याचा हिशेब मांडण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही केवळ एवढेच पाहतो, की प्रसिद्धीबरोबर आलेले सारे ओसरल्यावर महिन्याच्या महिन्याला येणारी एक ठरावीक रक्कम मागे उरली. रोजच्या भाकरीचेच हे आधुनिक रूप नव्हे काय?

आता शुभवर्तमानाकडे वळू. उधळ्या पुत्राचा दाखला आपण तपःकाळात दरवर्षी ऐकतो. पण तो एका अकस्मात धनवानाचीही कथा आहे, हे आपल्या ध्यानी येत नाही. बापाच्या हयातीतच त्याने आपला वाटा मागितला. पिकांच्या व गुरांच्या रूपाने आयुष्यभर मिळावयाचे ते एका हप्त्यात घेतले आणि जिथे कोणी त्याला ओळखत नाही अशा दूर देशी तो गेला. त्याचा पैसा संपला त्याच सुमारास दुष्काळ पडला. संत लूक त्याच्या स्वैर वागण्याविषयी बोलतो, पण एका शब्दात. वेश्यांचा उल्लेख कथेत येतो तो थोरल्या भावाच्या तोंडून. हा भाऊ तर घरीच होता. दूर देशी काय घडले, ते त्याने पाहिलेले नव्हते. तरी तपशील त्यानेच पुरविला. "आयते आले, उधळले, गेले" हे वाक्यही असेच थोरल्या भावाचे वाक्य आहे. आपण दुसऱ्याच्या नाशात जो तपशील भरतो, त्यात आपला मत्सर किती आणि सत्य किती?

दाखल्यात आणखी एक वाक्य असे आहे, की त्यावर प्रवचने क्वचितच होतात. तो डुकरांपुढच्या शेंगांवर पोट भरावयास तयार होता. पण त्याला कोणी काही देईना. पैसा होता तोवर ज्यांनी त्याच्या पंक्तीला जेवणे झोडली, ते आता कोठे होते? नाशाची जबाबदारी एकट्या मुलाच्या माथी मारून आपण मोकळे होतो. वस्तुतः अकस्मात धनवानाभोवती एक गाव असते. ते गाव त्याला टाळ्या देते, त्याच्याकडून उसने नेते, लग्नात त्याने किती खर्च केला ते मोजते आणि अखेरीस मान हलविते.

याचा अर्थ धनवानाची जबाबदारी संपते असे नव्हे. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात तीन प्रकारच्या माणसांवर चिंतन करावयास सांगितले आहे. प्रत्येकाला दहा हजार सुवर्णनाणी मिळाली आहेत. ती केवळ ईश्वरप्रीतीसाठी मिळविलेली नाहीत, आणि त्या धनाची ओढ आत्म्याला जड होते आहे. पहिल्याला ही ओढ सुटावी असे वाटते, पण मरेपर्यंत तो काहीच करीत नाही. दुसऱ्याला ओढ सुटावी आणि नाणीही राहावीत, असे वाटते. देवाने आपल्या इच्छेशी जुळवून घ्यावे, अशी त्याची अपेक्षा. तिसरा नाणी टाकण्याचा हट्टही धरीत नाही आणि राखण्याचाही नाही. देवाच्या सेवेला जे अधिक उपकारक, ते करण्यास तो मोकळा असतो. धन राखणे हा पुण्याचा पुरावा नव्हे आणि गमावणे हा पापाचा नव्हे. कसोटी मोकळेपणाची आहे.

हा मोकळेपणा म्हणजे भाबडेपणा मात्र नव्हे. बिहारमधील मोतिहारीचे सुशील कुमार यांनी २०११ मध्ये 'कौन बनेगा करोडपती' या कार्यक्रमात पाच कोटी रुपये जिंकले. २०२० मध्ये त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहिले, की गुप्तदानाचा त्यांना जणू नाद लागला, अनेकांनी त्यांना फसविले आणि व्यसनेही जडली. दानाच्या दारातूनही लबाडी शिरू शकते. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'लाही नैतिक मोल उरत नाही. तो देत नसतो, त्याच्याकडून काढून घेतले जात असते. सुशील कुमार पुढे शिक्षक झाले, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

उलट बाजूचे उदाहरण माहूरहून फार दूर नाही. पैनगंगेपलीकडे विदर्भ सुरू होतो. तेथील अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांची खिचडी शिजवीत. त्याबद्दल त्यांना महिना दीड हजार रुपये मिळत. २०१९ मध्ये याच कार्यक्रमात त्यांनी एक कोटी रुपये जिंकले. आपण मुलांसाठी खिचडी शिजवीत राहणार, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. ते उद्गार आम्हांला अर्थशास्त्राच्या पुस्तकाइतके मोलाचे वाटतात. धन आले, पण 'मी कोण' या प्रश्नाचे उत्तर त्यांनी धनाला देऊ दिले नाही. 'पुरे' हा शब्द ज्याच्या ओठी आधीपासून असतो, त्यालाच तो ऐन वेळी आठवतो.

हा शब्द एकट्याने शिकता येत नाही. तो समाज शिकवितो. पुण्याजवळ हडपसर येथे मगरपट्ट्यातील १२३ शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे चारशे एकर जमीन सुटी सुटी विकली नाही. ती एकत्र केली, कंपनी काढली आणि प्रत्येकाने जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. जमीन गेली, पण तिचे वर्षानुवर्षे देण्याचे व्रत राहिले. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानेही हे ओळखले आहे. पुनर्वसनाच्या तरतुदींत नोकरी, एकरकमी पाच लाख रुपये अथवा वीस वर्षे दरमहा किमान दोन हजार रुपये, असे पर्याय त्यात मांडले आहेत. आपल्या समाजातही ही शहाणीव जुनी आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेली बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक ही थोड्या थोड्या बचतीवर उभी राहिलेली संस्था आहे. एका हाताला जे पेलत नाही ते अनेक हातांना पेलते, याची ती साक्ष होय.

म्हणून ज्या कुटुंबाला एकदम मोठी रक्कम मिळते, त्याला धर्मग्रामाने एकटे सोडू नये. लग्न, बाप्तिस्मा व अंत्यविधी या वेळी आपण दारी जातो. धनादेशाच्या वेळी मात्र केवळ कुतूहलाने जातो. पहिले वर्षभर कर्ज फेडण्यापलीकडे मोठा व्यवहार करू नये. पत्नीला व जाणत्या मुलामुलींना विचारल्यावाचून कोठे सही करू नये. दानाचा वाटा आधीच ठरवावा आणि तो संपल्यावर निःसंकोचपणे नकार द्यावा. पोटापाण्याचे नेहमीचे काम सोडू नये. या साध्या गोष्टी सांगावयास धर्मगुरूच हवा असे नाही, शेजारीही पुरे. मात्र त्या शेजाऱ्याने त्या घरातून स्वतः काही उसने नेलेले नसावे.

आणि इतके करूनही धन गेलेच, तर? मग तो माणूस रविवारच्या मिस्सेला मागच्या बाकावर येऊन बसेल, किंवा लाजेने येणारही नाही. दाखल्यातील पित्याने परतलेल्या मुलाकडे हिशेब मागितला नाही. आधी झगा मागविला. आपण मात्र बहुधा आधी हिशेब मागतो. थोरला भाऊ अखेरीस घरात गेला की बाहेरच उभा राहिला, हे शुभवर्तमानाने सांगितलेले नाही. त्याचे उत्तर प्रत्येक धर्मग्रामाने आपापल्या दाराशी द्यावयाचे आहे.