कन्येचा त्याग आणि मंडळीचे ऋण

गावोगावच्या मंडळ्यांतून आम्हांकडे जे मृत्युलेख येतात, त्यांपैकी तरुण स्त्रियांविषयीचे बहुधा एकाच साच्याचे असतात. ती सुशील होती, आईबापांची सेवा करी, उपासना चुकवीत नसे, प्रभूने तिला बोलाविले. इतके लिहून लेखणी थांबते. यांत खोटे काही नाही. परंतु तिने नेमके काय केले, आणि ते तिच्याकडून कोणी व कोणत्या अधिकाराने मागून घेतले, हे दोन्ही प्रश्न अशा स्तुतीखाली झाकून जातात. त्यांचा विचार करण्यास पंडिता रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई मेधावी यांचे चरित्र आम्हांस उपयोगी वाटते.

मनोरमाबाईंचा जन्म १८८१ चा. त्या वर्षाच्याही झाल्या नव्हत्या तोच १८८२ त वडील बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. १८८३ त इंग्लंडातील वांटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे आई अमेरिकेत व्याख्याने देत असता त्या कोवळ्या वयात मुलीस आईवेगळी करून वांटेजच्या भगिनींकडे ठेवावे लागले. १८८९ त मुंबईत शारदासदन निघाले, ते १८९० त पुण्यास आले. मग दुष्काळ, प्लेग, आणि दौंडच्या वाटेवरील केडगावची मुक्ती. आईच्या या सर्व उद्योगांत मुलगी वाढली. पुढे ती शारदासदनाची मुख्य झाली, व गुलबर्ग्यास शाळा निघाली तेव्हा तिचाही भार तिने वाहिला. लग्न केले नाही. आईमागे काम हीच पाहील असे सर्वांनी धरले होते. परंतु २४ जुलै १९२१ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाईच आधी गेल्या. नऊ महिने भरण्यापूर्वी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या.

कोणी म्हणेल, आईने मुलीचे आयुष्य आपल्या कार्यास लाविले, हा अन्यायच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. तो टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. इफ्ताहाने नवस केला आणि तो फेडावा लागला त्याच्या कन्येस. शास्त्रांत त्या बिचारीचे नावही नाही. मोठ्यांच्या भक्तीची किंमत लहानांनी द्यावी, असे जगात फार घडते, आणि मंडळीतही घडते.

परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावा. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि तीच विद्या आईकडून रमाबाईंस मिळाली. रमाबाईंनी आपल्या कन्येस याहून उणे दिले नाही: इंग्लंड, अमेरिका, मुंबई विद्यापीठाची बी.ए. ही पदवी. ज्या मुलीजवळ इतके आहे ती दुसरी वाट धरू शकते. ती घरच्या कामास राहिली तर ते तिचे स्वतःचे देणे होय. आमच्या घरी काय होते? मुलीस शाळेतून काढतो, चूल व धाकटी भावंडे तिच्या गळ्यात घालतो, शब्बाथ शाळाही तिच्याकडेच लोटतो. आणि ती खंगून गेली म्हणजे तिला त्यागमूर्ति म्हणतो! जिला काही राखून ठेवण्याची मोकळीकच नव्हती तिने अर्पण केले म्हणणे हे आमचे समाधान आहे, तिचा गौरव नव्हे.

यापोत टबीथा मेली तेव्हा विधवांनी तिच्या गुणांचे व्याख्यान दिले नाही. त्या रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे पेत्रास दाखवू लागल्या. मनोरमाबाईंविषयी आम्ही एवढेच दाखवू की, उठावाच्या ठिपक्यांची ब्रेल लिपी त्या परदेशी शिकून आल्या आणि केडगावी आंधळ्या मुलींस वाचावयास शिकविले. त्या मुली बोटांनी पान चाचपून शुभवर्तमान वाचू लागल्या.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, यापुढे एखाद्या भगिनीविषयी लिहून पाठवाल तेव्हा तिने किती मुलांस अक्षरओळख करून दिली, कोणत्या घरी आजाऱ्याजवळ रात्री काढल्या, हे तिच्या शेजारणींस विचारून लिहावे. तिला कोणती इयत्ता शिकू दिले होते, हेही लिहावे. जागेची चिंता करू नये.