धुवांधार

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एका इस्पितळात आजोबांचा आयसीयूतला मुक्काम लांबला होता. गन कॅरिज फॅक्टरीत उभी हयात काढलेला माणूस. आता गळ्यात नळी, आवाज बंद, श्वास व्हेंटिलेटरच्या हवाली. रात्रंदिवस तेच दिवे, तेच अलार्म. अशा जागी धडधाकट माणसाचंही डोकं फिरेल. आजोबा नळ्या ओढू लागले, तेव्हा डॉक्टरांना विचारून नातीने व्हीआरचा चष्मा आणला.

काय दाखवायचं यावर घरात चर्चाच झाली नाही. जबलपूरच्या माणसाला भेडाघाटाहून प्रिय ते काय? तिथला धुवांधार धबधबा लावला. मुलाने कानात अभंग सुरू केले. मॉनिटरवर नाडी 92 वरून 128 वर गेली.

"बाबांना भरून आलं हो," सूनबाई म्हणाल्या.

सिस्टरने मात्र चष्मा उतरवला आणि आजोबांच्या हाती पाटी दिली. वाकड्यातिकड्या अक्षरांत एकच शब्द उमटला: 'बुडतोय.'

नळीत कफ साचला की जीव आधीच गुदमरतो. त्यात नाकातोंडासमोर अख्खी नर्मदा कोसळत होती! घरच्यांची माया खरीच होती. पण ज्याची छाती, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

सिस्टरने विचारलं. पाटीवर आलं, 'स्टेडियम. पहाट.' अभंगांचं नाव काढताच मान हलली, आणि खाली लिहिलं, 'मन्ना डे.'

नातीने दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता राइट टाउन स्टेडियमचा फेरा चित्रित करून आणला: कोरडी माती, फिरायला आलेली मंडळी, वर मोकळं आभाळ. बटण आजोबांच्या मुठीत दिलं. थोड्याच वेळात त्यांनी ते बंद केलं. मुलगा हिरमुसला. तासाभराने त्यांनीच पुन्हा लावलं आणि बोटं चादरीवर ठेका धरू लागली.

डॉक्टरांना याचं नवल वाटलं नाही. अमेरिकेतल्या 12 आयसीयूंमधल्या, व्हेंटिलेटरवरच्या 373 रुग्णांचा अभ्यास 2013 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. आपल्या आवडीचं संगीत आपल्याला हवं तेव्हा ऐकणाऱ्यांची घालमेल कमी झाली, गुंगीचं औषधही कमी लागलं. 'हवं तेव्हा' हे दोन शब्द मला त्यात सगळ्यात मोलाचे वाटतात.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा मुलगा हे सारं बघत होता. संध्याकाळी तो नातीला म्हणाला, "ताई, तेच स्टेडियम आमच्या आईलाही लावून द्या ना."

तिने चष्मा खाली ठेवला आणि पाटी पुढे केली. "आधी काकूंना विचारू या."