आसन्नमरणाचे निवासस्थान आणि गृहस्थाचे कर्तव्य

देह नश्वर आहे, हे वाक्य गृहस्थांच्या मुखी नित्य असते. परंतु ते कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या प्रसंगी उच्चारावे, याचा विवेक क्वचितच केला जातो. ज्याची व्याधी असाध्य ठरली आहे अशा मनुष्यासाठी अंत्यशुश्रूषागृह, म्हणजे ज्यास हॉस्पिस म्हणतात ते, बांधण्याचा विचार निघाला की हा विवेक अपरिहार्य होतो. दाता विचारतो, जो थोड्या दिवसांचा सोबती, त्याच्यासाठी खिडक्या, ओसरी आणि बाग यांवर द्रव्य का वेचावे? स्वच्छ खाट आणि वेदनाशामक औषध पुरे नाही काय? त्याने आता देहाचा मोह सोडून ईश्वरचिंतन करावे, हेच उचित नव्हे काय?

आयुर्वेदाच्या प्राचीन आचार्यांना मात्र निवासस्थान ही गौण गोष्ट वाटली नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात उपचारापूर्वी सिद्ध करावयाच्या गृहाचे वर्णन आहे. ते बळकट असावे. वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित, तथापि एका भागी वारा खेळता असावे. त्यात सुखाने वावरता यावे. धूर, ऊन व धूळ तेथे पोहोचू नये. अप्रिय शब्द, स्पर्श, रस, रूप आणि गंध यांचा उपद्रव नसावा. पाणी, शौचस्थान, स्नानाची जागा व पाकगृह असावे. इतकेच नव्हे, तर गायन, वादन आणि कथाकथन यांत निपुण अशी माणसेही जवळ असावीत. हे वर्णन बरे होऊ पाहणाऱ्या रोग्यासाठी आहे, हे खरे. पण जो बरा होणार नाही, त्याच्या इंद्रियांना दुर्गंध व कोलाहल कमी जाचतात असे कोण म्हणेल?

अर्वाचीन काळातील एक वृत्तान्त या संदर्भात चिंतनीय आहे. १९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडमधून आलेला ज्यू तरुण कर्करोगाने मृत्युपंथास लागला होता. स्वदेशापासून दूर असलेल्या त्या एकाकी मनुष्याने आपली शुश्रूषा करणाऱ्या सिसिली साँडर्स यांच्या नावे पाचशे पौंड ठेवले आणि त्यांच्या भावी गृहात आपण एक खिडकी होऊन राहू, अशी इच्छा प्रकट केली. त्या खिडकीभोवती घर उभे राहण्यास एकोणीस वर्षे लागली. १९६७ मध्ये सेंट ख्रिस्टोफर हॉस्पिस सुरू झाले. भारतात मुंबईच्या वांद्रे भागात १९८६ साली शांती आवेदना सदन स्थापन झाले, तेही याच विचारधारेतले. मरणोन्मुख मनुष्याने दान म्हणून खिडकीचीच कल्पना करावी, यात मोठा अर्थ आहे.

१९८४ साली रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केलेले निरीक्षणही येथे स्मरणीय आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर तेवीस रुग्णांच्या खिडकीतून वृक्ष दिसत, तर तेवीस रुग्णांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. वृक्ष पाहणाऱ्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. ते रुग्ण मरणासन्न नव्हते. तथापि दृष्टीला मिळणारा विसावा वेदनेपर्यंत पोहोचतो, एवढे त्यावरून दिसते.

असे गृह रचताना एकच नियम मुख्य मानावा: ते उभ्या माणसाच्या नव्हे, तर खाटेवर निजलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहावे. खिडकीचा कठडा उंच असेल तर त्यास केवळ आकाशाचा तुकडा दिसतो. सखल असेल तर झाड, अंगण आणि येणारीजाणारी माणसे दिसतात. छताच्या मध्यभागी टांगलेला दिवा उभ्यास प्रकाश देतो, निजलेल्याच्या डोळ्यांत मात्र खुपतो. दार इतके रुंद असावे की खाटेसह ओसरीवर जाता यावे. न्हाणीघर जवळ असावे, त्यास उंबरठा नसावा आणि भिंतीला धरावयास दांडी असावी. ज्यास एकांत हवा त्यास तो मिळावा, ज्यास सोबत हवी त्यास सोबत; आणि रात्री लेकीने वा पत्नीने खाटेशेजारी अंथरूण घालावे एवढी जागा अवश्य असावी. यांतील बहुतेक गोष्टींना द्रव्यापेक्षा विचार अधिक लागतो. दात्याचे नाव कोरलेल्या संगमरवरी शिळेस मात्र द्रव्य लागते, आणि ती रोग्यास कधीच दिसत नाही.

आता मूळ शंकेकडे वळावे. शीतोष्ण सुखदुःखे सहन करावीत, असा उपदेश गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तो अर्जुनाने स्वतः आचरावयाचा आहे, दुसऱ्याच्या खाटेशी उभे राहून ऐकवावयाचा नाही. दुसऱ्याच्या सुखदुःखाकडे कसे पाहावे, हे सहाव्या अध्यायात सांगितले आहे: आपल्यावरून त्याचे जाणावे. स्वतःच्या दुःखात जे वैराग्य ठरते, तेच दुसऱ्याच्या दुःखाविषयी दाखविले असता निष्ठुरता ठरते. शिवाय ज्याचे चित्त दुर्गंध, लखलखाट आणि वेदना यांनी देहाशी जखडून टाकले आहे, त्यास चिंतनाला अवकाश कोठून मिळावा? खिडकी कोणास मोक्ष देत नाही. ती वाटेतील एक अडथळा तेवढा दूर करते.

अशी गृहे अद्यापि थोडी आहेत आणि बहुसंख्य माणसे स्वतःच्या घरीच देह ठेवतात. म्हणून हा विचार केवळ दात्यांचा व स्थापत्यविशारदांचा नव्हे. घरात कोणी अंथरुणास खिळले असेल, तर गृहस्थाने एकदा त्या अंथरुणाशेजारी स्वतः आडवे होऊन पाहावे: येथून काय दिसते, काय ऐकू येते, ऊन कोठून येते, पाण्याचे भांडे हाताला लागते की नाही. मग जे खटकेल ते उठून सरळ करावे. आसन्नमरणाला उपदेश करण्यापूर्वी त्याची खाट खिडकीजवळ सरकवणे, हा त्याच्याविषयीचा पहिला धर्म होय.