घरात काही सांडते तेव्हा



मिस्साला निघायची वेळ होते आणि नेमके तेव्हाच दूध उतू जाते. दार ओढून घेतल्यावर कळते की चावी आतच राहिली. ज्या दिवशी नळाला पाणी येणार नसते, त्याच दिवशी भरलेली बादली कलंडते. आणि उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, भाजून, कुटून वर्षभरासाठी भरलेल्या बाटली मसाल्याची एखादी बाटली हातातून निसटली, तर सगळे घरच लाल होते! त्या लाल भुकटीबरोबर चार दिवसांची मेहनत जमिनीवर पसरते.

अशा वेळी पुष्कळ भाविक विचारतात, “देवाला यातून मला काय सांगायचे असेल?” प्रश्न चांगला आहे, पण उत्तर शोधताना आपली वाट चुकते. काल रोजरी चुकली म्हणून असे झाले, असे कोणी म्हणतो. कोणाला त्यात अपशकुन दिसतो.

प्रभू येशूने अशा हिशोबाला नकार दिला. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, ती काही इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती, असे तो सांगतो (लूक १३:४). २६ जुलै २००५ रोजी कल्याण-बदलापूरच्या घरांत पुराचे पाणी शिरले, ते कोणाचा उपवास मोडला हे पाहून शिरले नाही. मात्र प्रभू तेवढ्यावर थांबला नाही. मेलेल्यांची पापे मोजू नका, आपापले मन पालटा, असे त्याने ऐकणाऱ्यांना बजावले. म्हणजे बाटली का फुटली हा खरा प्रश्न नाही. बाटली फुटल्यावर मी कसा वागलो, हा खरा प्रश्न आहे.

प्रभूला घर ठाऊक होते. नवे ठिगळ लावल्यामुळे आणखी फाटलेले जुने वस्त्र, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, मध्यरात्री पाहुणा आला आणि घरात भाकर नाही म्हणून शेजाऱ्याचे दार ठोठावणारा मनुष्य, हे सगळे त्याच्या बोलण्यात येते. काना गावच्या लग्नात तर द्राक्षारसच संपला. आपल्याकडे लग्नात जेवण कमी पडले तर काय होते, ते आपण जाणतो. पवित्र मरियेने “हिशोब कोणाचा चुकला?” असे विचारले नाही. काय कमी पडले, एवढेच तिने पुत्राला सांगितले (योहान २:३).

आता आपल्या घराकडे पाहू या. काचेचा एक पेला फुटला. तो पाहुण्याच्या हातून फुटला, तर आपण म्हणतो, “असू द्या हो, काचेचंच होतं.” घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातून फुटला, तर कोणी काही बोलत नाही. सुनेच्या हातून फुटला, तर “लक्ष कुठे असतं तुझं?” धुणी-भांडी करणाऱ्या बाईच्या हातून फुटला, तर पगारातून पैसे कापायची भाषा. म्हाताऱ्या आईच्या थरथरत्या हातून फुटला, तर तिला ऐकू जाईल असा एक सुस्कारा. पेला तोच, किंमत तीच. हात बदलला की आपला आवाज बदलतो! संत याकोब आपल्या पत्रात ज्या पक्षपाताविरुद्ध बजावतो (याकोब २:१-४), तो केवळ चर्चमधल्या बाकांपुरता नाही. तो आपल्या स्वयंपाकघरातही असतो.

लिझ्यूची संत तेरेजा (१८७३-१८९७) हिने आत्मचरित्रात असाच एक प्रसंग लिहिला आहे. मठात खिडकीमागे ठेवलेले एक लहान भांडे फुटलेले सापडले. ते तिने तेथे ठेवले नव्हते, तरी बोलणी तिला बसली. तिने मुकाट्याने, यापुढे अधिक काळजी घेईन, असे सांगितले. एवढ्याशा गोष्टीसाठीही आपल्याला मनाशी झगडावे लागले, हेही तिने लपवले नाही. याच तेरेजाला पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९७ साली ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केले.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. गप्प राहणे तेरेजाने स्वतः निवडले. ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपल्या ठाण्याच्या इतिहासातच याची आठवण आहे. १३२१ साली येथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू हुतात्मे झाले. ओडोरिक या प्रवासी धर्मबंधूने लिहून ठेवले आहे की ते एका ख्रिस्ती कुटुंबात उतरले होते. त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले आणि नवऱ्याने बायकोला मारले. तिने काझीकडे दाद मागितली आणि घरातल्या पाहुण्यांना साक्षीदार म्हणून सांगितले. तेथून त्यांची चौकशी सुरू झाली, बोलणे धर्मावर गेले आणि शेवटी त्यांचे प्राण गेले. याचा दोष त्या स्त्रीचा नव्हे. तिने न्याय मागितला होता.

निसटलेला पेला हा अपघात असतो. उगारलेला हात अपघात नसतो. मार खाणाऱ्या स्त्रीला “सोस, हा तुझा क्रूस आहे” असे सांगणे ही श्रद्धा नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात घरगुती हिंसेला भ्याडपणा म्हटले आहे. सहनशीलता सांडलेल्या दुधासाठी आहे. मारहाणीपुढे शेजाऱ्याने, नातेवाइकाने, धर्मग्रामाने साक्षीदार म्हणून उभे राहायचे असते.

या आठवड्यात घरात काहीतरी सांडेल, करपेल किंवा फुटेल. तेव्हा पहिला प्रश्न “कोणी केलं?” असा नको, “तुला लागलं का?” असा असू द्या. मग झाडू आणा, आणि जमल्यास तो स्वतः हातात घ्या.

हे प्रभू, आमच्या घरात वस्तू फुटतील, पण माणसे फुटू देऊ नकोस. दुबळ्या हातांशी सौम्यपणे बोलायला आणि अन्यायापुढे न गप्प बसायला आम्हाला शिकव. आमेन.