मराठी पोराला मराठीची मोजपट्टी

आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी येते, तेव्हा हरिपाठ तोंडपाठ असलेली हजारो माणसं गावात उतरतात. त्यांतल्या किती जणांना तेच अभंग पुस्तक उघडून वाचता येतील, हे कुणी विचारत नाही. ऐकायचं, म्हणायचं, पाठ करायचं, अशा रीतीनं इथलं शहाणपण पिढ्यान् पिढ्या चालत आलं. आवाज आणि अक्षर यांची सांगड ज्याला सहज घालता येत नाही, असं मूल त्या जगात कुणाला खटकत नसे. शाळा सगळ्यांची झाली आणि ते मूल उघडं पडलं.

1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरनं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. मुलगा हुशार, खेळात चपळ, पण वाचन काही केल्या येईना. शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. डिस्लेक्सियाची ओळख पटवायला आजही या हकिकतीइतकं नेमकं दुसरं काही सापडत नाही. बुद्धी शाबूत, नजर आणि कान ठीक, शिकवणंही मिळालेलं. तरी शब्दातले ध्वनी सुटे करणं आणि अक्षरांशी त्यांचं नातं पक्कं करणं जड जातं. हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. आळसाशी किंवा आईच्या लाडाशी त्याचा काडीचा संबंध नाही. लेखनात अशीच अडचण असली तर डिसग्राफिया, आकडेमोडीत असली तर डिसकॅलक्युलिया. पुष्कळदा या अडचणी एकाच मुलात एकत्र नांदतात. या साऱ्यांना मिळून ‘अध्ययन अक्षमता’ म्हणतात.

आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचला तो 2007 च्या ‘तारे जमीन पर’मुळे. अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या या चित्रपटाचं ऋण मोठं आहे. पण त्यातून आपल्या मनात बसलेलं चित्र इंग्रजी शाळेतलं आहे: उलटी अक्षरं, स्पेलिंगचा गोंधळ. ते चित्र डोक्यात ठेवून वेळापूरच्या मराठी शाळेत डिस्लेक्सिया शोधायला गेलं, तर तो बहुधा सापडणारच नाही. माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं.

मराठी बऱ्याच अंशी लिहिली तशी वाचली जाते. इंग्रजीत एकाच अक्षराचे पाच उच्चार, इथे ती कटकट नाही. त्यामुळे डिस्लेक्सिया असलेलं मराठी मूलही मेहनतीनं अक्षरं जोडून शब्दापर्यंत पोचतं. चुका कमी होतात, वेळ मात्र भयंकर लागतो. जर्मनसारख्या नियमित लेखनाच्या भाषांमध्ये संशोधकांना हेच आढळलं आहे: अडचण चुकांपेक्षा संथपणात दिसते. मास्तर चुका मोजतात. संथपणाला ‘जरा सावकाश आहे’ म्हणून सोडून देतात.

आणि देवनागरी सोपीही नाही. तिसरीतल्या मुलाच्या जागी बसून ‘किल्ला’ पाहा. डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, तोंडानं आधी ‘क’ म्हणायचा असतो. ‘सूर्य’ म्हणताना ‘र’ आधी येतो, कागदावर मात्र तो ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो. तोच ‘र’ ‘चक्र’मध्ये पायाशी तिरकी रेघ होतो, ‘राष्ट्र’मध्ये वेगळंच रूप घेतो आणि ‘तऱ्हा’मध्ये आणखी वेगळं. स्वरचिन्हं वर, खाली, पुढे, मागे, चारही बाजूंना. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्यात फरक जेमतेम एका वळणाचा. बहुतेक मुलं हे सारं दोन-तीन वर्षांत पचवतात. काहींना ‘सूर्य’ दर वेळी नव्यानं सोडवावा लागतो.

अशी मुलं युक्त्या शोधतात. धडा शेजाऱ्याकडून ऐकून पाठ करतात. मग उघड्या पुस्तकावर बोट तिसऱ्या ओळीवर असतं आणि तोंड पाचव्या ओळीत पोचलेलं असतं. चित्र झाकून त्याच धड्यातला एकच शब्द दाखवा, मूल गप्प होतं. ‘टिमगो’, ‘पर्लुक’ असे अर्थ नसलेले शब्द वाचायला दिले की खरी स्थिती कळते, कारण तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही आणि अंदाजही चालत नाही.

बुद्धी मोजण्याची साधनं मराठीत जुनी आहेत. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकातच बिने यांच्या चाचणीला मराठी आणि कन्नड रूप दिलं. नागपूरच्या मालिन यांची चाचणी आजही अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाते. वाचन मोजण्याचं नीट साधन मात्र फार उशिरा आलं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली ‘डाली’ 2015 ची. पहिली ते पाचवीच्या मुलांची चाळणी शिक्षकांना वर्गातच करता यावी यासाठी ती आहे आणि ती मराठीतही आहे. इंग्रजी शब्दांच्या यादीवर मराठी पोराचं निदान करणं मला अन्यायाचं वाटतं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. वाचता न येणारं प्रत्येक मूल डिस्लेक्सिक नसतं. वेळापूरचा माळशिरस तालुका उसाचा. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात, ऊसतोड टोळ्या येतात आणि आईबापांबरोबर मुलंही फडात येतात. निम्मं वर्ष शाळा बुडालेलं मूल चौथीत अडखळलं, तर दोष त्याच्या मेंदूचा नाही. पुरेसं शिक्षणच न मिळाल्यानं आलेली अडचण 2013 च्या ‘डीएसएम-5’ या निदानाच्या ग्रंथानंही अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे. शिवाय निदानाआधी किमान सहा महिने खास मदत देऊन पाहावी, अशी त्याची अट आहे. बुद्ध्यांक आणि वाचन यांतली तफावत मोजण्याची जुनी पद्धतही त्यानं सोडून दिली. म्हणजे आधी शिकवा, मग ठरवा. हा क्रम मला फार न्याय्य वाटतो. चष्म्याची गरज, कमी ऐकू येणं, घरी बोलली जाणारी वेगळी बोली, हे सारं आधी तपासायलाच हवं.

महाराष्ट्र या कामात मागे नव्हता. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला राज्यानं 1996 मध्येच सुरुवात केली आणि मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातून तपासणीचं मोठं काम झालं. पण हे काम शहरात रुजलं. वेळापूरहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक यांच्या तपासण्यांसाठी खेपा घालायच्या म्हणजे शेतमजूर बापाची तितकी मजुरी बुडते. मग प्रमाणपत्राची आठवण होते ती नववी-दहावीत, जादा वेळ आणि लेखनिक मिळावा म्हणून. तोवर ‘ढ’ हा शिक्का सात-आठ वर्षं बसलेला असतो आणि कित्येकांनी शाळा सोडलेलीही असते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं विशिष्ट अध्ययन अक्षमतेला 21 दिव्यांगत्वांत स्थान दिलं. त्याचं कलम 16 सांगतं की ही अडचण शाळेनं लवकरात लवकर ओळखावी आणि त्यानुसार शिकवण्याचे उपाय करावेत. त्यासाठी आधी प्रमाणपत्र आणा, असं ते म्हणत नाही. या कायद्याखालच्या 2018 च्या सूचनांनुसार चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी व्हायची आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती असायची. प्रमाणपत्र आठ वर्षांपुढे मिळतं. मदत पहिलीतही देता येते.

‘डीएसएम-5’ शाळकरी मुलांत अध्ययन अक्षमतेचं प्रमाण 5 ते 15 टक्के धरतं. कमीतला आकडा धरला तरी चाळीसच्या वर्गात दोन मुलं होतात. केंद्राच्या निपुण भारत अभियानाच्या उद्दिष्टानुसार तिसरीतल्या मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचायचे आहेत, म्हणजे घड्याळ लावून ऐकण्याची रीत शाळांना नवी नाही. तेव्हा जिल्हा परिषदेच्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरं सत्र सुरू झालं की दुसरी-तिसरीतल्या प्रत्येक मुलाला वर्गासमोर उभं न करता, एकट्याला जवळ घेऊन एक मिनिट अनोळखी मजकूर वाचायला लावा, मग चार निरर्थक शब्द द्या. जे मागे राहतील त्यांना सहा महिने रोज थोडा वेळ ध्वनी आणि अक्षर जोडून शिकवा, आणि त्यानंतरही जे अडतील त्यांच्या पालकांना तपासणीसाठी लगेच पाठवा, नववीची वाट पाहू नका.