भट्टीत गेलेलं टेबल

सहा-सात वर्षांपूर्वी मी पहाटे पाचचा गजर लावायला लागलो. आत्मविकासाचं एक पुस्तक हाती पडलं होतं. त्यात सांगितल्याप्रमाणे उठायचं, वहीत दिवसाची आखणी करायची, दहा पानं वाचायची, असा नेम धरला. नेम एकवीस दिवस टिकला. बाविसाव्या दिवशी बायको म्हणाली, ‘‘तुमचं सुधारणं मला फार महागात पडतंय हो!’’ मी हसण्यावारी नेलं. त्या वाक्यात काय होतं ते उमगायला आणखी बराच काळ जावा लागला.

मी काही साक्षेपी वाचक नव्हे. बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये बसायला मिळालं तर वाचणारा. पण आत्मविकासाची पुस्तकं आणि कादंबऱ्या यांच्याबद्दलचं माझं मत तीनदा बदललं.

पहिलं मत माझं नव्हतंच, वडिलांचं होतं. ‘‘कादंबऱ्या वाचून कुणाचं भलं झालंय?’’ असं ते परीक्षेच्या दिवसांत हमखास म्हणत. त्यांच्या फळीवर दासबोध असे. त्यातली मूर्खलक्षणं तर ते आमच्याकडे बघूनच वाचायचे. अक्षर कसं काढावं, कागद आणि शाई कशी असावी, इथपर्यंत समर्थांनी लिहून ठेवलंय. मोक्षाच्या ग्रंथात लेखणीचीही काळजी! त्यामुळे उपदेशाची पुस्तकं कामाची आणि कादंबरी फावल्या वेळेची, ही वाटणी मी निमूट मान्य केली होती.

कॉलेजात ‘कोसला’ वाचली आणि ती वाटणी उलटी झाली. १९६३ साली आलेल्या त्या कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो आणि हाती काही न लागता गावी परततो. त्यातून घ्यायचं काय? काहीच नाही. तेच मला भारी वाटलं. मग यशाचे मंत्र देणारी पुस्तकं म्हणजे फुटपाथवरचं औषध, अशी टिंगल मी अनेक वर्षं केली. हे दुसरं मत.

त्याची घमेंड उतरली वडिलांच्या आजारपणात. कर्ज झालं होतं, झोप उडाली होती. तेव्हा कुठलीही थोर कादंबरी उपयोगी पडली नाही. मित्रानं दिलेल्या एका बाळबोध पुस्तकातून देणी कागदावर मांडायची, लहान रकमेपासून फेडत यायचं, एवढं शिकलो आणि तरलो. ज्याची टिंगल केली त्याचंच मीठ खाल्लं. म्हणून या पुस्तकांचं कुळ-मूळ शोधावंसं वाटलं.

ज्या पुस्तकानं या प्रकाराला इंग्रजीत नावच दिलं, ते सॅम्युअल स्माइल्स यांचं ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ सालचं. स्माइल्स पेशानं डॉक्टर, पुढे पत्रकार झालेले. इंग्लंडमधल्या लीड्सला काही कामगार तरुणांनी एकमेकांना शिकवण्यासाठी रात्रीचा वर्ग काढला होता. त्यांच्यापुढे केलेल्या भाषणांतून हे पुस्तक उभं राहिलं. घराणं नाही, जमीन नाही, अशा पोरांना ‘तुमच्या कष्टांनी तुम्ही वर याल’ असं सांगणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ‘सेल्फ-हेल्प’ हे नाव स्वार्थाची भलामण वाटतं, याची स्माइल्सना पुढे खंतही वाटली आणि प्रस्तावनेत त्यांनी खुलासा केला.

स्माइल्सचा भर शीलावर होता. १९३६ साली, महामंदीच्या अमेरिकेत, डेल कार्नेगीचं पुस्तक आलं आणि भर गेला तो लोकांशी कसं वागावं यावर. १९८९ साली स्टीफन कव्हींनी नेमका हाच मुद्दा काढला, की आधीच्या यशाच्या पुस्तकांत चारित्र्य होतं, अलीकडच्यांत नुसती छाप पाडणं उरलं. पण त्यांच्याही पुस्तकाच्या नावात सवयीच आहेत. २०१८च्या ‘ॲटॉमिक हॅबिट्स’मध्ये हिशेब आणखी बारीक झाला. रोज एक टक्का सुधारा, वर्षाअखेरी सदतीस पट व्हाल. गणित चक्रवाढ व्याजाचं आहे, चूक काढता येत नाही. पण शीलापासून वागण्यापर्यंत आणि वागण्यापासून सवयीपर्यंत येताना ‘सुधारणा’ या शब्दाचा घेर आटत गेलाय, हे मात्र दिसतं.

आपल्याकडे सुधारणा म्हणजे समाजाची, हा अर्थ आधीचा. पहिली मराठी कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, म्हणजे स्माइल्सच्या दोन वर्षं आधीची. ती विधवांची स्थिती दाखवायला लिहिलेली. म्हणजे वडील ज्या कादंबरीला रिकामटेकडी म्हणत, ती आपल्या भाषेत जन्मलीच मुळी लोकांना सुधारायला! पुढे हरिभाऊ आपट्यांनी साप्ताहिक काढलं, त्याचं नाव ‘करमणूक’. आणि १८९० पासून त्यात क्रमशः काय छापलं, तर ‘पण लक्षात कोण घेतो!’

ही कादंबरी मी उशिरा वाचली, गजर बंद केल्यावर वर्षभरानं. तिशीही न गाठलेल्या एका पुरुषानं यमूच्या तोंडून, ‘मी’ म्हणून, तिचं बालपण, लग्न, वैधव्य, केशवपन सांगितलंय. वाचता वाचता मला स्माइल्सच्या पुस्तकातला पालिसी आठवला.

बर्नार्ड पालिसी हा सोळाव्या शतकातला फ्रेंच कुंभार. भांड्यांवर पांढरा चकचकीत लेप चढवायचा, या ध्यासानं त्यानं वर्षानुवर्षं भट्ट्या लावल्या. एकदा सरपण संपलं, लेप काही वितळेना. त्यानं कुंपणाच्या फळ्या घातल्या, मग घरातलं सामान, टेबलं, फळ्या मोडून भट्टीत टाकल्या. लेप वितळला. स्माइल्सच्या उपदेशातलं मला फारसं आठवत नाही, ही गोष्ट मात्र विसरत नाही. चिकाटीचा याहून चांगला दाखला कुठला?

पण त्या घरात पालिसीची बायको होती, मुलं होती. स्माइल्समध्ये ती येते ती कुरकुर करणारी, नवऱ्याला वेडा ठरवणारी बाई म्हणून. यमू वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, त्या रात्री ती जेवायला कशावर बसली असेल? तिनं सांगितली असती तर तीच गोष्ट कादंबरी झाली असती.

आणि मग पहाटेचे पाच आठवले. गजर माझा, उठायची दोघं. मी वहीत ‘आजची उद्दिष्टं’ लिहायचो तेव्हा शेजारी चहा यायचा. तो कुठून यायचा, हे वहीत एकदाही लिहिलं नाही. एकवीस दिवस मी सुधारत होतो, तिची झोप सरपणाला.

आत्मविकासाचं पुस्तक ‘तू’ म्हणून बोलतं. कर्जात बुडालेल्याला त्या ‘तू’चा आधार वाटतो, मला वाटला आहे. पण त्या ‘तू’च्या आजूबाजूला कुणी राहत नाही. सारं घर रिकामं. कादंबरी मात्र घर माणसांनी भरूनच हातात देते.

हल्ली दोन्ही वाचतो. गजरही पुन्हा लावलाय, साडेपाचचा. फोन उशाखाली ठेवतो, आवाज न करता नुसता थरथरतो. चहा मी करतो. साखर अजून जास्तच पडते, असं तिचं म्हणणं आहे.