क्रोधाचा दस्तूर

हॅल रोच यांच्या चित्रसंस्थेने निर्मिलेला, १९२९ साली प्रकाशित झालेला, जेम्स हॉर्न यांनी दिग्दर्शिलेला आणि लिओ मॅकॅरी यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेला ‘बिग बिझनेस’ हा अवघ्या दोन रिळांचा मूकपट, कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात दारोदार नाताळची झाडे विकीत हिंडणाऱ्या लॉरेल आणि हार्डी यांची कथा सांगतो. आपला माल चोख, आपली जीभ तरबेज, तेव्हा गिऱ्हाइकाने माल घेतलाच पाहिजे, अशी या दोघांची, त्यातही हार्डीची, अढळ श्रद्धा आहे. आणि आत्मविश्वास एवढा फुगलेल्या विक्रेत्याला जो ‘नको’ म्हणतो, तो त्याच क्षणी गिऱ्हाईक न राहता प्रतिवादी होऊन बसतो, हे या चित्रपटाचे मर्म आहे असे मला वाटते.

जेम्स फिनलेसनने रंगविलेला मिशाळ घरमालक प्रथम साधा नकार देतो. परंतु दार लावताना झाडाची फांदी त्यात अडकते, ती सोडविण्यासाठी पुन्हा घंटा वाजवावी लागते, मग कोट अडकतो. आणि इतके होऊनही पुढल्या वर्षाची मागणी तरी नोंदवून घेऊ काय, अशी पृच्छा होते, तेव्हा तो मोठी कातर आणून झाडाचे तुकडे करतो. येथून जो तंटा पेटतो त्यात झाडाचा कोणालाच आठव उरत नाही. तिकडे विक्रेत्यांच्या मोटारीचे भाग एकेक करून उपटले जातात, इकडे घराची दारे, खिडक्या आणि अखेर पियानोही कुऱ्हाडीखाली जातो. पण एकाचा घाव चालू असता दुसरा त्याचा हात धरीत नाही, स्वस्थ उभा राहून तो घाव पुरता पाहतो, आणि मगच आपली पाळी घेतो. फोडाफोडी काय, कितीतरी चित्रपटांत आढळते. येथे अनावर हसू येते ते या थांबण्याने, कारण क्रोध हा स्वभावतः उतावळा विकार असून त्याला या तिघांनी दरबारी दस्तुराची शिस्त लावली आहे. रस्त्यावर आलेला पोलीसही मध्ये पडत नाही. वही काढून जणू पंचनामाच लिहू लागतो.

नाट्यशास्त्रात भरतमुनींनी हास्यरसाची उत्पत्ती शृंगारापासून आणि करुणाची रौद्रापासून सांगितली आहे. या मूकपटात रौद्रच हास्याला जन्म देतो, म्हणून तो शास्त्राला सोडून चालला आहे असे वाटत असतानाच, अखेरीस पोलिसाने जाब विचारताच लॉरेल रडू लागतो, पाठोपाठ हार्डी, घरमालक, जमलेले बघे आणि स्वतः पोलीसही रडतो. रौद्रातून करुण यथाशास्त्र प्रकट होतो. तो खरा मानावा, तर पोलीस लॉरेल-हार्डींच्या मागे धावत सुटतो, आणि लॉरेलने समेटाखातर दिलेली सिगार घरमालकाच्या तोंडातच फुटते.